पंपिंग कमी झालंय म्हणजे नेमकं काय?

टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात येतो, त्यात एलव्हीईएफपुढे ३० टक्के असं छापलेलं असतं आणि घरातल्या सगळ्यांचा एकच समज होतो: हृदय सत्तर टक्के गेलं. हा समज चुकीचा आहे. तो सुरुवातीलाच दूर करायला हवा, कारण याच भीतीपोटी काही जण हातपाय गाळून बसतात आणि काही जण रिपोर्टच कपाटात ठेवून देतात.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्यात पुढे ढकललं जातं, एवढंच तो आकडा सांगतो. कुठलंच हृदय कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. धडधाकट माणसाच्या कप्प्यात १०० मिली रक्त भरलं तर साधारण ५५ ते ७० मिली बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. म्हणजे ३० टक्के हे निरोगी हृदयाच्या निम्म्याच्या आसपासचं काम झालं. दुखणं गंभीर आहे, यात शंका नाही. पण हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही. योग्य औषधं योग्य डोसपर्यंत पोचली की तीन ते सहा महिन्यांत तो बऱ्याच जणांत वर चढतो, काहींचा तर ५० च्या पुढे जातो.

या दुखण्याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि या नावानंही घोटाळा केला आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक बंद होते. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचे ठोके थांबतात. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते पुरवू शकत नाही, किंवा पुरवतं तेव्हा आतला दाब फार वाढवून पुरवतं. पहिल्या दोन गोष्टी मिनिटांत घडतात. तिसरी महिनोन्‌महिने आत रुजत असते.

किडनीचा गैरसमज

हा आजार समजून घ्यायचा तर हृदयाआधी किडनीकडे बघावं लागतं. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असलेल्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही की वाटतं, धरणच आटलं. धरण काठोकाठ भरलेलं असेल, कमी पडला असेल तो फक्त मधला रेटा, पण टेलवरून ते दिसत नाही. किडनीचं नेमकं तसंच होतं. हृदयाचा जोर कमी झाला की तिच्यापर्यंत रक्त कमी दाबाने पोचतं. तिला पंप दिसत नाही. ती अर्थ काढते की अंगातलं पाणीच कमी झालंय, आणि रक्तस्राव किंवा जुलाबात जे करायचं तेच करते: मीठ धरून ठेवते. मीठ राहिलं की त्याच्यामागे पाणी राहतं.

यासाठी शरीर तीन संदेश सोडतं. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं. अल्डोस्टेरॉन मीठ अडवतं. अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची रसायनं ठोके वाढवतात. सुरुवातीला यामुळे बरं वाटतं, बीपी सावरतं. पण आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलायचं म्हणजे थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकण्यासारखं. साठलेल्या पाण्याने कप्पा फुगतो, ताणला जातो. हीच रसायनं हृदयाच्या स्नायूत तंतू वाढवतात आणि तो कडक होतो. पंप आणखी ढिला पडतो, किडनी आणखी मीठ धरते. आजार वाढतो तो या चक्रामुळे, आणि आजची बहुतेक औषधं हेच चक्र तोडण्यासाठी आहेत. हे एकदा लक्षात आलं की "बीपी तर नॉर्मल आहे, मग बीपीची गोळी कशाला?" हा प्रश्न पडत नाही. ती गोळी इथे बीपीसाठी दिलेलीच नसते.

शरीर एक बरोबर संदेशही पाठवतं. ताणला गेलेला कप्पा बीएनपी नावाचं संप्रेरक सोडतो, जे किडनीला मीठ सोडून द्यायला सांगतं. त्याचा आवाज बाकीच्या तिघांपुढे दबतो. पण तो रक्तात मोजता येतो, आणि निदानाला फार उपयोगी पडतो.

कशामुळे होतं आणि कुठे अडवता येतं

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांनी २०१३ साली हार्ट फेल्युअरसाठी भरती झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली. त्यांचं सरासरी वय ६१ होतं. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत ते सत्तरीच्या पुढे असतं. आणि सुमारे ७२ टक्के रुग्णांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हेच होतं. म्हणजे आपल्याकडे हा आजार म्हातारपणाची वाट बघत नाही, आणि तो बहुतेक वेळा अटॅकच्या मागून येतो.

म्हणून प्रतिबंधातली सगळ्यात मोठी गोष्ट अटॅकच्या दिवशी घडते. वाहिनी बंद झाल्यावर स्नायू तासातासाने मरत जातो. पहिल्या एक-दोन तासांत वाहिनी उघडली तर बहुतेक स्नायू वाचतो. बारा तास 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिण्यात गेले तर जीव वाचला तरी मेलेला स्नायू परत येत नाही. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि हे काही मिनिटांत गेलं नाही, तर ईसीजी निघेल तिथेच जायचं. मधुमेह असलेल्यांना कळ न येता नुसता घाम आणि धाप येऊ शकते.

दुसरं कारण उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट चाचणीत वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात हार्ट फेल्युअर सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झालं. घरी मोजायचं तर पाच मिनिटं पाठ टेकून बसून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबून. बहुतेकांनी घरचं माप १३० / ८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करावा.

बाकीची कारणं पटकन सांगतो. मधुमेह, लठ्ठपणा, दारू, काही विषाणूंनी आलेली स्नायूची सूज, थायरॉइड, महिनोन्‌महिने वेगात चाललेले ठोके, कॅन्सरची काही औषधं (डॉक्सोरुबिसिन, ट्रास्टुझुमॅब), आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत स्नायू ढिला पडणं. हे शेवटचं फार वेळा निसटतं. बाळंतिणीची धाप आणि पायांची सूज 'अशक्तपणा' म्हणून खपून जाते. तिला आडवं झोपवत नसेल तर इको करून घ्या.

एक कारण मात्र आपल्यासारख्या देशांत जास्त दिसतं. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर सांधेदुखीचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब करून जातो. अशा मुलाला दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन कित्येक वर्षं द्यावं लागतं. ते दुखतं, मूल रडतं, आणि सांधे बरे झाले म्हणून घरचे ते थांबवतात. पुढे विशी-पंचविशीत झडप बदलायची वेळ येते ती अनेकदा या थांबलेल्या इंजेक्शनांमुळे.

उशा मोजा

साठलेलं पाणी दोन दिशांना जातं. डावी बाजू तुंबली की फुफ्फुसात, उजवी तुंबली की पायांत, यकृतात, पोटात.

फुफ्फुसातलं पाणी आधी चढावर जाणवतं. जो जिना मागच्या दिवाळीत एका दमात चढत होता, तिथे आता मधल्या टप्प्यावर थांबावं लागतं. मग आडवं झाल्यावर धाप लागते, कारण झोपलं की पायांतलं पाणी छातीकडे सरकतं. माणूस एक उशी वाढवतो, मग दुसरी, शेवटी खुर्चीतच झोपतो. किती उशा लागतात हे डॉक्टर विचारतात ते गंमत म्हणून नाही. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी घुसमटून उठणं, खिडकीशी जाऊन उभं राहणं, दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटणं, ही खूण तर फार बोलकी आहे. वाकून चपलेचा पट्टा लावताना धाप लागणंही त्यातलंच.

पायांची सूज बोटाने दहा सेकंद दाबून बघा. खड्डा राहिला तर पाणी आहे. मात्र सगळी सूज हृदयाची नसते. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची साधी गोळीही घोटे सुजवते, किडनी-यकृताचे आजारही सुजवतात. दोन घास खाल्ले की पोट भरणं, रात्री लघवीला तीन-चारदा उठणं, आडवं झाल्यावर कोरडा खोकला, दिवसभर गळून जाणं, ही लक्षणं लोक अ‍ॅसिडिटी, प्रोस्टेट, दमा आणि वय यांच्या खात्यावर टाकतात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'दमा' सुरू झाला असेल आणि दम्याच्या औषधी पंपाने फारसा फरक पडत नसेल, तर इको झालाच पाहिजे.

निदान

पहिली तपासणी ईसीजी. तो पूर्ण नॉर्मल असेल तर पंपिंग फार कमी असण्याची शक्यता कमी असते. दुसरी रक्ताची, एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे वर सांगितलेल्या बीएनपीचाच जोडीदार. बाह्यरुग्ण विभागात हा आकडा १२५ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असला तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही. अचानक धाप लागून कॅज्युअल्टीत आलेल्यासाठी ही रेघ ३०० ची. आकडा वर असला म्हणजे मात्र लगेच शिक्का मारायचा नाही, कारण वय, किडनीचा आजार आणि अनियमित ठोके यांनीही तो वाढतो. उलट लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो. ही गोष्ट विसरल्यामुळे लठ्ठ बायकांचं निदान वर्षानुवर्षं राहून जातं.

मग टूडी इको. पंपिंग ४० किंवा त्याखाली, ४१ ते ४९, आणि ५० किंवा त्याच्या वर असे तीन गट पडतात. तिसरा गट लोकांना कोड्यात टाकतो: पंपिंग ६० टक्के आणि तरी हार्ट फेल्युअर? हो. हा कप्पा दाबतो नीट, पण कडक झाल्यामुळे सैल पडत नाही, भरून घेत नाही. नव्या बादलीपेक्षा जुन्या चामडी पखालीचं चित्र डोळ्यासमोर आणा: चामडं वाळून ताठ झालं की तिच्यात पाणी मावतच नाही. मावेल तेवढ्यातलं साठ टक्के बाहेर पडलं तरी ते थोडंच. मागे दाब वाढतो, फुफ्फुसात पाणी चढतं. वय, जुनं बीपी, मधुमेह, वजन आणि अनियमित ठोके असलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, हा प्रकार जास्त दिसतो. त्यामुळे "इको नॉर्मल आहे, काही नाही" या वाक्यावर धाप लागणाऱ्या माणसाने थांबू नये.

याबरोबर हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम), सोडियम, पोटॅशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघायचं. पंपिंग कमी असेल तर कारण शोधण्यासाठी बहुतेक वेळा अँजिओग्राफी लागते.

चार खांब

पंपिंग ४० किंवा त्याखाली असेल तर चार जातींची औषधं लागतात. एक कमी पडलं तर दुसरं, असा हा हिशेब नाही. चारही एकत्र, कारण प्रत्येक औषध चक्र वेगळ्या जागी तोडतं.

पहिली जात अँजिओटेन्सिनचा आवळ सोडवणारी. १९८७ मध्ये या जातीतल्या एनालाप्रिलने दाखवलं की या आजारात माणूस जास्त जगू शकतो. आज त्याची जागा सॅक्युबिट्रिल-वलसार्टन घेतं. ते अँजिओटेन्सिनला अडवतं आणि दबलेल्या बीएनपीच्या गटाला तुटू देत नाही, म्हणजे चुकीचा संदेश बंद आणि बरोबर संदेश मोठा. २०१४ च्या मोठ्या चाचणीत एनालाप्रिलपेक्षा हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. ते सहसा ५० किंवा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू होतं, लक्ष्य २०० दोनदा. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ते बंद करून ३६ तास थांबायलाच हवं, नाहीतर घसा-जीभ सुजून श्वास अडण्याचा धोका असतो. भारतात २०२३ च्या सुरुवातीला पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. पूर्वी न परवडल्यामुळे ती घेतली नसेल तर आता पुन्हा विचारा. हे औषध चालू असताना रक्तातलं साधं बीएनपी मोजू नये, ते औषधामुळेच वाढतं; एनटी-प्रोबीएनपीच मोजायचं.

दुसरी बीटा ब्लॉकर, अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांना अडवणारी: बायसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट. ठोके मंद करणारं औषध कमजोर हृदयाला द्यायचं नाही, असंच एके काळी शिकवलं जाई. १९९९ मध्ये दोन चाचण्यांनी मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवून ते मत उलटवलं. ही गोळी अंगात पाणी कमी झाल्यावर आणि थेंबाथेंबाने सुरू करतात: कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दोनदा, दर दोन आठवड्यांनी दुप्पट, २५ दोनदापर्यंत. पहिल्या आठवड्यांत थकवा वाटतो, फायदा दोन-तीन महिन्यांनी दिसतो. इथेच बरेच जण ती सोडतात. अचानक सोडणं धोक्याचं आहे. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ही त्याच घराण्यातली औषधं असली तरी या आजारात त्यांचा असा पुरावा नाही. दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दिलं तर नाव नीट वाचा.

तिसरी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, अल्डोस्टेरॉनला अडवणारी. १९९९ च्या चाचणीत रोज सुमारे २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. ही स्वस्त गोळी आहे, पण तिला पहारा लागतो. पोटॅशियम वाढू शकतं, आणि फार वाढलं तर ठोका थांबू शकतो. सुरू केल्यावर एका आठवड्याने, मग महिन्याने पोटॅशियम-क्रिएटिनिन करायचंच. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६ च्या वर बंद. पुरुषांना छातीत दुखरी गाठ आली तर लाजून गोळी सोडू नका, एप्लेरेनोनने तो त्रास फारसा होत नाही.

चौथी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, रोज १० मिलिग्रॅम. ही मधुमेहासाठी निघाली, पण २०१९ पासूनच्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच फायदा दिसला. डोस वाढवायची भानगड नाही, बीपी फारसं पाडत नाही. लघवीतून साखर जाते, त्यामुळे लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस दिसेल; घाबरायचं नाही. जननेंद्रियावर बुरशीची खाज येऊ शकते, तेव्हा जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवायची. पंपिंग ४० च्या वर असलेल्यांत सगळ्यात ठोस पुरावा याच औषधाचा आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चारही खांबांचे लहान डोस सुरू करून वर्षानुवर्षं तिथेच थांबल्यामुळे. २०२२ च्या एका चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेपर्यंत नेले, वारंवार तपासलं; सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती १५ टक्क्यांत झाली, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्क्यांत. म्हणून प्रत्येक भेटीत एक प्रश्न विचारा: "या गोळीचा डोस आणखी वाढवायचा आहे का?" वरचं बीपी ९५-१०० असलं आणि चक्कर येत नसली, तर केवळ आकड्याला भिऊन औषध कमी करायचं नसतं.

आणि पंपिंग ५५ झालं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. स्नायू ढिला पडलेल्या आणि नंतर सावरलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये हा प्रयोग झाला: हळूहळू औषधं काढली तेव्हा सहा महिन्यांत ४४ टक्के रुग्णांत आजार परतला.

पाण्याची गोळी आणि वजनकाटा

फ्युरोसेमाइड आणि टॉरसेमाइड चार खांबांत नाहीत. ती साठलेलं पाणी काढतात, धाप तासाभरात हलकी करतात, पण आयुष्य वाढवतात असं सिद्ध नाही. ती लागेल तेवढीच. सकाळी घ्यावी, दुसरी मात्रा असेल तर दुपारी तीन-चारच्या आत, नाहीतर रात्रभर फेऱ्या. प्रवासाच्या दिवशी लोक ती गाळतात. गाळण्याऐवजी पोचल्यावर घ्या.

तिचा हिशेब वजनकाट्यावर चालतो. रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाआधी, त्याच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे: २ किलो म्हणजे सुमारे २ लिटर. सूज दिसण्याआधी काटा सांगतो. त्या दिवशीच डॉक्टरांना फोन गेला तर गोळी वाढवून भागतं; आठवडा गेला तर भरती व्हावं लागतं. उलट वजन झपाट्याने घटलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाणी जास्त निघालंय.

मीठ कुठून येतं

दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तेही सगळं धरून. घरचा हिशेब सोपा आहे. चार माणसांत महिन्याला १ किलोचा पुडा संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर जातं, आणि त्यात बाहेरचं अजून धरलेलंच नाही. चार जणांत ६०० ग्रॅमच्याही खाली यायला हवं.

नुसतं भाजीतलं मीठ कमी करून भागत नाही. लोणच्याची एक फोड, भाजलेला पापड, वडापावबरोबरची लसणाची चटणी, फरसाण, खारे शेंगदाणे, पाव-खारी-टोस्ट, सॉस, मॅगीचा मसाला यांत ते लपलेलं असतं. कोकण-गोव्यात सुके बोंबील, सोडे, खारवलेला बांगडा. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच आहे. सैंधव, शेंदेलोण, काळं मीठ ही सगळी मीठच. रंगाने सोडियम जात नाही. 'लो सोडियम' मीठ तर या रुग्णांसाठी वेगळाच धोका आहे, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते भारी पडू शकतं. रोज दोन-दोन शहाळी पिण्याचंही तसंच. चवीसाठी लिंबू, आमसूल, आलं, जिरं, कोथिंबीर मोकळ्या हाताने वापरा.

पाण्यावर सरसकट बंदी घालायची गरज नाही. आजार स्थिर असेल तर तहानेपुरतं प्यावं. सूज-धाप चालू असेल किंवा रक्तातलं सोडियम घसरलं असेल तेव्हा दीड ते दोन लिटरची मर्यादा डॉक्टर सांगतात, आणि त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. तेवढ्या पाण्याची एक बाटली सकाळी भरून ठेवा. चहा प्यायलात की कपभर पाणी तिच्यातून ओतून टाका.

केलेलं काम बिघडवणाऱ्या गोष्टी

गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक किडनीला मीठ धरायला लावतात आणि पाण्याच्या गोळीचा जोर मारतात. चार दिवसांच्या कोर्सनेही माणूस भरती होऊ शकतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरी, पण पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन नको. पंपिंग कमी असताना डिल्टियाझेम, व्हेरापामिल नको.

उपवास आणि जुलाब. पोटात काही जात नसताना पाण्याची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन तशीच चालू राहिली तर किडनी कोरडी पडते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांनी अशा वेळी रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या-जुलाब झाले, नवरात्राचे कडक उपवास किंवा रोजे धरायचे असले, ऑपरेशन ठरलं असलं, तर कोणत्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. बीटा ब्लॉकर मात्र त्या यादीत सहसा नसतं. आणि उपवासाचे वेफर्स, खारे दाणे, साबुदाण्याचे पापड हे उपवासाच्या नावाने मीठच.

लोहाची कमतरता हिमोग्लोबिन ठीक असतानाही असते. फेरिटिन १०० च्या खाली असेल आणि पंपिंग कमी असेल तर शिरेतून लोह दिल्याने दम सुधारतो. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांचा या आजारात उपयोग दिसलेला नाही. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस घ्या, कारण छातीचा एक संसर्ग महिन्यांची मेहनत घालवतो.

आणि पलंगावर पडून राहू नका. स्थिर रुग्णाने सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत चालावं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने.

गोळ्यांच्या पुढे

तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही पंपिंग ३५ किंवा खाली राहिलं तर अचानक बिघडणारा ठोका ओळखून झटका देणारं आयसीडी विचारात घेतात. ईसीजीत डाव्या बाजूचा विद्युतमार्ग अडलेला असेल आणि क्यूआरएस (ईसीजीतली ठोक्याची मुख्य लाट) १५० मिलिसेकंदांच्या वर रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना एकत्र आकुंचन पावायला लावणारा सीआरटी पेसमेकर पुष्कळांना पुन्हा चालतं करतो. त्याही पुढे हृदय प्रत्यारोपण. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये ते केलं होतं, जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांत; रुग्ण काही तासच जगला. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९४ साली दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. आज ते पुण्या-मुंबईतही होतं. पण फुफ्फुसाच्या वाहिन्यांतला दाब फार वाढला की ते शक्य राहत नाही. म्हणून वारंवार भरती होणाऱ्या रुग्णाला प्रत्यारोपण केंद्रात लवकर दाखवावं. सगळे उपाय थकले असतील तिथेही धाप, भीती आणि झोप यांवर उपचार असतातच, आणि ते मागायला संकोच करू नये.

बसल्या जागी धाप लागते, गुलाबी फेस येतो, ओठ निळे पडतात, शुद्ध हरपते, छातीत कळ येते, तर फोन १०८ ला. रुग्णाला आडवं करू नका. पाय खाली सोडून उठवून बसवा. सोबत न्यायच्या फाइलमध्ये सगळ्यात वर चार कागद हवेत: चालू गोळ्यांची डोससकट यादी, शेवटचा इको, शेवटचं क्रिएटिनिन-पोटॅशियम, आणि वजनांचं कॅलेंडर.